रांग टाळा म्हणे!

कुठली रांग टाळली, ते त्या छत्रीवाल्या गाइडलाच ठाऊक. पैसे मात्र आमचे गेले.

रोमच्या कलोसियमचं सरकारी तिकीट 18 युरो. 30 दिवस आधी विक्रीला येतं आणि आपण लॉगिन करेपर्यंत संपलेलं असतं. जातं कुठे, हे काही गुपित नाही. बॉट लावून गठ्ठ्याने उचलायचं, सोबत गाइड नि हेडफोन चिकटवायचे आणि दामदुपटीने विकायचं. यावरून 2025 मध्ये तिथल्याच स्पर्धा प्राधिकरणाने तिकीट विकणाऱ्या कंपनीला आणि सहा टूरवाल्यांना मिळून जवळपास 2 कोटी युरोचा दंड ठोकला. म्हटलं, आता तरी सुधारतील. कसले सुधारतायत!

तर ‘रांग टाळा’वालं तिकीट तिप्पट मोजून घेतलं. कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी भर उन्हात उभे. सावली औषधालाही नाही. छत्रीवाला आरामात उगवला, प्रत्येकाच्या छातीवर स्टिकर चिकटवला, कानात हेडफोन कोंबायला लावले आणि नेऊन उभं केलं कुठे? सुरक्षा तपासणीच्या रांगेत. ती सगळ्यांना एकच! 18 युरोवाले आमच्या पुढे, तेही खिदळत.

पुढे दारावर नाव तपासणी. आईच्या पासपोर्टवर तिच्या नावाला जोडून बाबांचं नाव. वेबसाइटवर चौकटी दोनच, नाव आणि आडनाव. झालं! दारावरचा बाप्या एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचतोय, मान हलवतोय. बाबांचं नाव तिकिटावर नाही, म्हणजे ही बाई दुसरीच कोणीतरी. अरे बाबा, सत्तरी ओलांडलेली बाई खोट्या नावाने घुसून तिथे काय सिंहांशी लढणार आहे?

तोवर छत्रीवाला बाकीच्यांना घेऊन आत पसार. आमचे हेडफोन मात्र चालू! बाहेर मी हातवारे करतेय आणि कानात खरखरीतून, ‘सम्राट वेस्पासियनने काम काढलं, मुलगा टायटसने इसवी सन 80 मध्ये उद्घाटन केलं...’ मग खरखरसुद्धा बंद. शेवटी कोणी साहेब आला, आईच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि जा म्हणाला. एवढंच करायचं होतं तर आधी काय धाड भरली होती?

बाय द वे, मुतारीच्या मालावर कर लावणारा तो हाच वेस्पासियन. परंपरा जिवंत आहे, स्टेशनावर लघवीला जायचं तरी युरो काढा. हॉटेलात टेबलाशी बसलात की माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे नुसते बसायचे पैसे. कॉफी उभ्याने प्यायलात तर एक भाव, खुर्चीला बूड टेकलं की दुसरा. म्हणून फुकट टेकावं, तर स्पॅनिश पायऱ्यांवर 2019 पासून बसायचंच नाही, शिट्टी फुंकून उठवतात. व्हेनिसला तर दिवसभर फिरून परत जाणाऱ्यांना 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी शहरात शिरायचेच पैसे. सिस्टीन चॅपलमध्ये शांतता राखा म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडतं? रखवालदार! आणि ते प्लास्टिकचं शिरस्त्राण घातलेले ग्लॅडिएटर. फोटोला गळ्यात पडतात, मग हात पुढे. त्यांचं तर तोंडही बघायचं नाही मला.

नवरा म्हणतो, ‘लालबागला रात्रभर नवसाच्या रांगेत उभी राहतेस तेव्हा कुठे जातो हा आवाज?’ त्याला म्हटलं, तिथे निदान पासपोर्ट मागत नाहीत. आणि राजा पावतो तरी. यावर तो हसला. मला काही हसू आलं नाही. बरं, आलं थोडं.

परवा मिलानला ‘लास्ट सपर’. भिंतीवरच्या एका चित्रासमोर मोजून 15 मिनिटं, मग बाहेर. त्याचीही तिकिटं नावावर आहेत, आणि काढली तेव्हा चौकटी दोनच होत्या.