तिसावा किलोमीटर आणि सुरमई

आजोबांच्या पायात निळ्या पट्ट्यांच्या रबरी सपाता होत्या. आज मंगळवार, आणि माझा सगळा राग अजून त्या सपातांवरच आहे.

परवा रविवारची मुंबई मॅरेथॉन, पूर्ण, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. पहाटे पाचला सीएसएमटीवरून सुटलो, सी लिंक झाला, वांद्रे झालं, माहीमकडून परतीला लागलो. इथवर सांगण्यासारखं काही नाही. लोक पळत होते, मीही पळत होतो. तिसाव्या किलोमीटरला, कॅडल रोडवर, डाव्या पोटरीत गोळा आला.

तिसाव्यालाच का, याचं गणित सोपं आहे. अंगात साठवलेली साखर साधारण २००० कॅलरींची. एका किलोमीटरला जवळपास वजनाच्या किलोंइतक्या कॅलरी जातात, माझं वजन ७२. करा भागाकार. बरोबरीने चरबी जळते म्हणून गाडी थोडी पुढे रेटते इतकंच. त्यासाठीच दर ४५ मिनिटांनी एक जेल घ्यायचं (पाकासारखं दाट, एकात २२-२५ ग्रॅम साखर), वर पाणी प्यायचंच, नाहीतर पोटात नुसता डिंक. हे सगळं मी केलं होतं. चुकलं ते पहिल्या दहा किलोमीटरांत. ठरवलेला वेग सात मिनिटांना एक किलोमीटर, मी पळालो ६:२० ने. हवा गार, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंनी टाळ्या. त्या चाळीस सेकंदांची वसुली तिसाव्यानंतर चक्रवाढ व्याजाने होते, हे मी दर वर्षी नवशिक्यांना समजावून सांगतो.

गोळा आला की चोळत बसायचं नाही. टाच जमिनीला टेकवायची, गुडघा सरळ ठेवायचा, चवडा आपल्याकडे ओढायचा, तीसपर्यंत आकडे मोजायचे. मी दुभाजकाला धरून अठरापर्यंत आलो होतो.

"गोळा आला वाटतं."

सत्तरीपुढचे असावेत. पांढरा लेंगा, स्वेटर, काखेत घडी घातलेली कापडी पिशवी.

"हो."

"मीठ कमी पडलं."

मी एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं सुरू केलं. आजोबा बरोबर निघाले. माझ्या पळण्याच्या मिनिटात ते दोन पावलं मागे पडत, चालण्याच्या मिनिटात चार पावलं पुढे जात आणि थांबून माझी वाट बघत. वाट बघितलेली मला सगळ्यात लागली.

"किती झाले?"

"तीस."

"राहिले किती?"

"बारा."

"मग झालंच की."

हे 'झालंच की' म्हणणाऱ्यांना एकदा तिसाव्यावर आणून सोडलं पाहिजे. मॅरेथॉनचे दोन भाग असतात, पहिले तीस आणि नंतरचे बारा, आणि अजून परतीचा पेडर रोडचा चढ बाकी होता.

"पहिला कोण आला?"

"अजून कोणी नाही. ते इथिओपियाचे, केनियाचे. आमच्यानंतर दोन तासांनी सुटतात. येतील आता मागून."

आजोबा थांबले. पिशवी या काखेतून त्या काखेत गेली.

"म्हणजे तुम्हाला दोन तास आधी सोडून, तरी ते पुढे जाणार?"

"हो."

"आणि हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"बक्षीस?"

"मला नाही. मेडल मिळतं."

"सगळ्यांना?"

"पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना."

"आणि वर तुम्हाला काही पैसे वगैरे?"

"नाही हो, पैसे आपण भरायचे."

इथे अहो-जाहो संपलं. "अरे, मग कशाला करतोस?"

मी म्हटलं, तब्येतीसाठी. त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. छातीवर, बनियनला घासून, दोन्ही बाजूंनी रक्ताचे ओघळ आले होते. (चिकटपट्ट्या लावल्या होत्या, पण व्हॅसलीन आधी आणि पट्टी नंतर लावली की ती दहाव्या किलोमीटरला गळून पडते. क्रम उलटा पाहिजे.) ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

"बूट कितीचे?"

"बारा हजार."

त्यांनी आपल्या सपातांकडे पाहिलं.

तेवढ्यात मागून मोटारसायकलींचा आवाज आला, मग घड्याळ लावलेली गाडी, आणि मग पाच-सहा जण असे गेले की पावलांचा आवाजसुद्धा मागाहून आला असं वाटलं. तीन मिनिटांना एक किलोमीटर. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. "हे बघ," मला कोपराने ढोसत म्हणाले, "याला म्हणतात पळणं."

आता थोडं कडू बोलतो. या शहरात चार महिने सराव करायचा म्हणजे आठवड्याला चार दिवस पळायचं आणि रविवारी वाढवत वाढवत ३२ किलोमीटरपर्यंत जायचं. पळायचं कुठे? फुटपाथचे पेव्हर ब्लॉक उचकटलेले, उरलेल्यावर स्कूटर, त्यापुढे केबलचा खड्डा. रस्त्यावर उतरलं की उलट्या दिशेने येणारा दुचाकीवाला मलाच विचारतो, मरायचंय का. वर्षातला एक रविवार रस्ता दोन पायांना मिळतो, तर त्यावरही आजोबांची तक्रार होतीच: "तुमच्यापायी बस बंद. सिटीलाइटच्या मासळी बाजारापर्यंत चालत जावं लागतंय. सुरमई संपते नऊपर्यंत." आणि सोसायटीतले शेजारी दर वेळी विचारतात, यंदाची मॅरेथॉन किती किलोमीटरची होती? पावशेर किती ग्रॅमचा, तसा हा प्रश्न.

बरं, माझ्या जीपीएसच्या घड्याळात अंतर ४२.८३ भरलं. आयोजक फसवत नाहीत. मार्ग मोजतात तो सायकलच्या चाकाला मोजयंत्र लावून, प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवरून, जवळात जवळच्या वाटेने. वर कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जास्त धरतात. आपण पाण्यासाठी डावीकडे, पोरांना टाळी द्यायला उजवीकडे, असे नागमोडी जातो, शिवाय उंच इमारतींमध्ये घड्याळही भरकटतं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले त्यात एकोणिसावे आले होते. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने मी चौगुल्यांपेक्षा ८० मीटर जास्त पळालो. ते २ तास ५० मिनिटांत आले, मला ५ तास २१ मिनिटं लागली, एवढाच फरक.

तर डावीकडच्या वळणाशी आजोबा थांबले. स्वेटरखालच्या खिशातून पुडी काढली आणि मीठ लावलेला आवळा माझ्या तळहातावर ठेवला. "चघळ."

शर्यतीच्या दिवशी पोटाला सवय नसलेलं काहीही खायचं नाही, हा पहिला नियम. मी चघळला. घशाशी आंबट-खारट झटका बसला की आवळलेला स्नायू लवकर सुटतो, असं लोणच्याच्या पाण्यावरच्या प्रयोगात दिसलं आहे, हे मला माहीत होतं. तरी मी कमरेला १२०० रुपयांची जेल बांधून फिरत होतो. दोनशे पावलांत गोळा सुटला. तो परत आला नाही, याचाही मला राग आहे.

वळून पाहिलं तेव्हा सपाता फटक फटक करत गल्लीत दिसेनाशा होत होत्या, आणि वेग माझ्यापेक्षा बरा होता.

रविवारी संध्याकाळी जिना उलटा उतरून (मांड्या सरळ उतरू देत नाहीत) खालच्या केमिस्टकडून मलम आणलं आणि बायकोला हे सगळं सांगितलं. पेडर रोडचा चढ, शेवटचे दोन किलोमीटर, मेडल, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग," ती म्हणाली, "मिळाली का त्यांना सुरमई?"