एअर व्हॉल्व्ह वास बाहेर टाकत नाही : एक खुलासा

आपल्या कोथरूडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय : ‘बाथरूममध्ये वास येतो? पाइपवर एअर व्हॉल्व्ह बसवा, तो गटाराचा वायू बाहेर सोडतो. मग गच्चीवरचा व्हेंट पाइप बंद केला तरी चालेल.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हा व्हॉल्व्ह फक्त हवा आत घेतो. वरून एकदम पाणी सुटलं की पाइपमध्ये ओढ तयार होते आणि ती ओढ न्हाणी ट्रॅपमधलं, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्यात साठून राहणारं पाणी खेचून नेते. साधारण ५० मिलिमीटर उंचीचं तेवढंच पाणी वास अडवत असतं. ओढ लागताच व्हॉल्व्हची रबरी झडप उघडते, हवा आत येते, ट्रॅपमधलं पाणी जागेवर राहतं. ओढ संपली की झडप स्वतःच्या वजनाने बसते. नवा व्हॉल्व्ह हातात घेऊन खालच्या तोंडाने फुंकून पाहा, हवा पलीकडे जात नाही. मी स्वतः करून पाहिलंय.

म्हणूनच गच्चीवरचा पाइप कृपया बुजवू नका! साठलेल्या वायूला बाहेर पडायला तीच वाट आहे.

आणि उन्हाळ्यात गावाहून परतल्यावर वास आला, तर बहुधा ट्रॅप सुकलेला असतो. आधी तांब्याभर पाणी ओता. त्याला व्हॉल्व्हचा उपयोग नाही.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.