साताऱ्यात बर्फ पडत नाही, तरी कूलंट का भरलं

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की गाडी वॉटर पंपासाठी दिली होती, आम्ही न विचारता कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरून बिलात १,६०० रुपये वाढवले. साताऱ्यात बर्फ पडतो का, वडिलांची जीप वीस वर्षं विहिरीच्या पाण्यावर चालली, असंही तुम्ही म्हणता.

न विचारता काम केलं ही चूक आमचीच. पोराने फोन लावला, तो लागला नाही, पण म्हणून पुढे जायला नको होतं. फ्लशिंगच्या, म्हणजे आतून धुण्याच्या, मजुरीचे ५०० रुपये परत करतो, कधीही येऊन घेऊन जा. पण कूलंट काढून पुन्हा पाणी भरून द्या म्हणालात, तर ते माझ्या हातून होणार नाही. तुमचा पंप पाण्यानेच खाल्लाय.

तो जुना पंप मी भंगारात टाकलेला नाही. पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्यात, बोट फिरवलं की तपकिरी भुकटी हाताला लागते. सीलपाशी पांढरी खपली धरलीय. रेडिएटर धुताना पहिलं पाणी चहाच्या रंगाचं आलं.

कूलंटलाच अँटिफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारं, असंही म्हणतात, आणि त्या नावाने सगळा घोळ केलाय. बर्फापासून वाचवणं हे त्याचं काम लेह-लडाखला. आपल्याकडे त्यातल्या गंज रोखणाऱ्या रसायनांसाठी ते घालायचं. ती रसायनं वापरात संपत जातात, म्हणून कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या मुदतीत कूलंट बदलायचं असतं.

वडिलांच्या जीपचं म्हणाल, तर त्या काळच्या जीपचं इंजिन जाड ओतीव लोखंडाचं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. पाझरला तर डाग देऊन पुन्हा चालू. तुमच्या गाडीत ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) लोखंडी, पण हेड (त्यावरचं झाकण) आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, वरखालच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. दोन धातू एकाच साध्या पाण्यात राहिले, की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. त्यात तुम्ही भरत होतात बोअरचं पाणी. घरचा गीझर उघडून कॉइल बघा, तोच पांढरा थर इंजिनात बसतो, आणि तोही जिथे धातू सगळ्यात जास्त तापतो तिथे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला. त्या थरातून उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. पुढे ब्लॉक आणि हेडमधलं गॅसकेट जातं, हेड वाकतं, आणि हेड उतरवून फेस मारायचा, म्हणजे घासून सपाट करायचा, खर्च १,६०० मध्ये बसत नाही.

तुमच्या बाजूची एक गोष्ट मात्र खरी आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य द्रवापेक्षा, सरस आहे. म्हणून नुसतं ग्लायकॉल आम्ही कुणाच्याच गाडीत भरत नाही. तुमच्या गाडीत निम्मं कूलंट आणि निम्मं डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) आहे. पाणी १०० अंशांना उकळतं, हे मिश्रण साधारण १०६ ला. वर रेडिएटरची कॅप कुकरसारखा दाब धरते, त्याने दोन्हींचा उकळबिंदू आणखी चढतो. फरक थोडा वाटेल, पण तुम्ही दर महिन्याला महाबळेश्वरला जाता, आणि तिथल्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं.

घाटात गाडी तापली आणि जवळ काहीच नसेल, तर पाणी बिनधास्त घाला, गाडी तिथे अडकण्यापेक्षा ते बरं. फक्त इंजिन पुरतं गार झाल्याशिवाय कॅपला हात लावू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. आणि नंतर इकडे या, मिश्रण पुन्हा बरोबर करून देतो, त्याचे पैसे नाहीत. एरवी टाकीतली पातळी कमी दिसली, तर बोअरचं पाणी ओतू नका. लाल कूलंट आहे म्हणून दुकानातून दुसरं लाल आणून त्यात मिसळूही नका, रंग सारखा असला तरी आतलं रसायन वेगळं असू शकतं.

घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल, तर उरलेला कॅन मात्र वर ठेवा. ते चवीला गोड असतं आणि पोटात गेलं तर विष आहे.

सोमवारी सुट्टी असते, बाकी दिवशी सकाळी नऊपासून मी गॅरेजवरच असतो. पंप टेबलावर काढून ठेवतो.