ऑइल बाँडच्या नावावर किती खपवायचं?

पेट्रोलच्या दराचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. सार असं: मनमोहन सरकारनं उधारीवर स्वस्त पेट्रोल वाटलं, त्यासाठी ऑइल बाँड काढले, ते आता मोदी सरकार फेडतंय, म्हणून पेट्रोल शंभरीपार. २०२१ मध्ये याला चांगलाच जोर आला, कारण ऑगस्टमध्ये खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या, की बाँडचं ओझं नसतं तर उत्पादन शुल्क कमी करता आलं असतं.

एकेक दावा घेऊ.

‘उधारी काँग्रेसनं करून ठेवली.’ केली, आणि काँग्रेसवाल्यांनी ते नाकारू नये. २००५ नंतर कच्चं तेल महागत गेलं आणि जुलै २००८ मध्ये पिंपामागे १४७ डॉलरला भिडलं. पंपावरचा दर वाढवायची राजकीय हिंमत नाही. कंपन्यांना रोख अनुदान द्यावं, तर वित्तीय तूट फुगलेली दिसणार. मग सरकारी तेल कंपन्यांच्या हातात पैशांऐवजी कागद ठेवला: तूर्त व्याज घ्या, मुद्दल पुढं कधीतरी. रोकड तिजोरीतून गेलीच नाही, त्यामुळे तुटीच्या आकड्यात ती दिसलीही नाही. असे १ लाख ४० हजार कोटींहून अधिक रकमेचे बाँड निघाले. जून २००८ मध्ये देशाला उद्देशून बोलताना मनमोहन सिंग यांनीच बजावलं होतं, की हा कायमचा उपाय नव्हे, आपण आपला बोजा मुलाबाळांवर ढकलतोय. बजावून झाल्यावरही बाँड निघतच राहिले, हे वेगळं.

‘ही शक्कलच काँग्रेसची.’ इथे मेसेज घसरतो. २००२ मध्ये तेलाची जुनी नियंत्रित दरपद्धत मोडीत काढताना तेल कंपन्यांची थकबाकी भागवायला वाजपेयी सरकारनंही सुमारे ९ हजार कोटींचे बाँड दिले होते. रक्कम लहान, युक्ती तीच. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये अरुण जेटलींनी सरकारी बँकांना भांडवल देण्यासाठी १ लाख ३५ हजार कोटींचे बाँड जाहीर केले. तेही वित्तीय तुटीत धरले गेले नाहीत, आणि त्यांचंही मुद्दल पुढच्या सरकारांच्याच गळ्यात आहे. अन्न महामंडळाचं तर आणखी मजेशीर: धान्याचं पूर्ण अनुदान द्यायच्या ऐवजी त्याला अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावायचं, म्हणजे खर्च सरकारचा आणि कर्ज महामंडळाच्या नावावर. ही प्रथा सीतारामन यांनी २०२१ च्या अर्थसंकल्पात बंद केली आणि ते कर्ज सरकारी हिशेबात घेतलं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण बंद केली म्हणजे तोवर चालू होती.

आता मुख्य दावा: ‘परतफेडीमुळे पेट्रोल महाग.’

सरकारनं दिलेलेच आकडे घेऊ. २०१४-१५ पासून सात वर्षांत या बाँडवर व्याज गेलं सुमारे ७० हजार कोटी, म्हणजे वर्षाला १० हजार कोटींच्या आसपास. मुद्दल त्या सात वर्षांत फिटलं फक्त ३,५०० कोटी. आणि पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून २०१९-२० मध्ये मिळाले १ लाख ७८ हजार कोटी, तर २०२०-२१ मध्ये ३ लाख ७२ हजार कोटी. नुसती एका वर्षातली वाढच १ लाख ९४ हजार कोटींची. बाँडचं उरलेलं सगळं मुद्दल होतं साधारण १ लाख ३१ हजार कोटी. मनात आणलं असतं तर त्या एका वर्षाच्या वाढीव वसुलीत अख्खी उधारी मिटली असती आणि वर पैसे उरले असते!

हप्त्यांचं वेळापत्रक तर दावा उलटाच पाडतं. २०२१-२२ मध्ये मुद्दलापोटी १० हजार कोटी द्यायचे होते; सर्वांत मोठा हप्ता, ५२,८६० कोटींचा, होता २०२४-२५ मध्ये. म्हणजे पेट्रोलवर लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे शुल्क होतं तेव्हा हप्ता किरकोळ, आणि हप्ता मोठा झाला तेव्हा शुल्क १९ रुपये ९० पैसे.

मग मार्च आणि मे २०२० मध्ये पेट्रोलवरचं शुल्क वाढवलं कशाला? तेव्हा कच्चं तेल कोसळलं होतं, टाळेबंदीनं बाकीचे कर आटले होते, मोफत धान्य द्यायचं होतं. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा आयकर कमी केला होता आणि त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावं लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. तिजोरीला पैसा हवा होता आणि पंपावरून तो हमखास येतो. हे उघड सांगितलं असतं तर निदान वाद तरी खऱ्या कारणावर झाला असता.

मेसेजचं शेपूट: ‘केंद्राच्या शुल्कातला ४१ टक्के वाटा राज्यांनाच जातो, राज्यांना विचारा.’ राज्यांना जरूर विचारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं शुल्क घटवल्यावर अनेक राज्यांनी व्हॅट उतरवला, महाराष्ट्रातल्या आघाडी सरकारनं नाही. पण त्या ४१ टक्क्यांचा हिशेबही बघा. २०२१ मधल्या ३२ रुपये ९० पैशांत मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे; उरलेले साडेएकतीस रुपये उपकर आणि विशेष शुल्क, ज्यात राज्यांना वाटा नसतो. १ रुपया ४० पैशांचे ४१ टक्के म्हणजे लिटरमागे ५७ पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून.