‘काही करत नाही हो तो!’

हे वाक्य आज सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, खाणीजवळच्या पायवाटेवर, मला बऱ्याच अंतरावरून ऐकू आले, आणि ते ऐकू येईपर्यंत माझी सव्वा वर्षाची लेक मातीत उताणी पडलेली होती. ती वाटेच्या कडेला बसून खडे वेचत होती. सोनेरी रंगाचा, अंगाने भरलेला, जेमतेम वर्षाचा असावा असा एक लॅब्रॅडॉर वळणावरून सुसाट आला आणि त्याने पुढचे दोन्ही पाय तिच्या छातीवर टाकले. चावण्याचा त्याचा मुळीच हेतू नव्हता, हे मलाही दिसत होते. लहानपणापासून कुत्र्यांत वावरलेल्या माणसाला शेपटीवरून एवढे कळते. पण दहा किलोंच्या लेकरावर तीस किलोंचा लाड कोसळला तर त्याचे काय होते, हे कळायला कुत्र्यांचा अभ्यास लागत नाही.

आमची कुत्री तांबू माझ्या हातातल्या पट्ट्याला होती. तिने जागच्या जागी उभे राहून गुरगुर केली, एवढाच तिचा गुन्हा. कुत्र्याचे मालक सावकाश चालत जवळ आले आणि त्यांचे पहिले वाक्य मुलीविषयी नव्हतेच. “तुमची गावठी आहे ना? तिला जरा आवरा, गुरगुरतेय बघा.” पट्टा त्यांच्याकडेही होता. तो त्यांनी स्वतःच्या खांद्यावर उपरण्यासारखा टाकला होता.

मी विचारले, याला रेबीजची लस कधी दिली? उत्तर आले, “असेल दिलेली. ते सगळे आमचा ड्रायव्हर बघतो.” दूरध्वनी क्रमांक मात्र त्यांनी दिला, आणि लसीच्या पुस्तकाचा फोटो घरी गेल्यावर पाठवतो, असे म्हणाले. रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत, माझ्या निरोपापुढे दोन निळ्या खुणा उमटलेल्या आहेत, आणि फोटो अजून आलेला नाही.

लेकीच्या कोपराला खरचटले आहे. ते खड्यांनी खरचटले की नखांनी, हे आम्हाला सांगता येईना, आणि बालरोगतज्ज्ञ बाईंनाही ठरवता येईना. अशा वेळी शंकेचा फायदा विषाणूला द्यायचा नसतो, असे त्या शांतपणे म्हणाल्या. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली होती का, हे त्यांनी सर्वांत आधी विचारले. धुतली होती, घरी पोहोचताच. मग मांडीत पहिली सुई. पुढच्या 3ऱ्या, 7व्या, 14व्या आणि 28व्या दिवशी. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढच्या सुयांचा फेरविचार करता येतो, पण त्यासाठी त्या कुत्र्याची खबर रोज मिळायला हवी, आणि ती आम्ही कुणाकडून घ्यायची? त्या ड्रायव्हरकडून? रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हातात जवळजवळ काहीच उरत नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो बाप ‘असेल दिलेली’ या उत्तरावर झोपू शकत नाही.

माझ्या इथल्या मित्रयादीतल्या बहुतेक सगळ्यांच्या घरी कुत्री नाहीतर मांजरे आहेत, आणि म्हणूनच मी हे इथे लिहितो आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयीचा आदेश आला आणि दहा-बारा दिवसांत तो बदललाही गेला, तेव्हा आपण सगळ्यांनी आपापल्या भिंती भरून टाकल्या होत्या. मीही लिहिले होते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची आठवण आपल्यापैकी किमान चौघांनी काढली होती, आणि दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री तर सर्वांच्याच भिंतीवर येऊन गेली. भटक्या कुत्र्यांवर इतके बोललेल्या आपल्या मंडळींना, पाळलेल्या कुत्र्याच्या मालकाविषयी मात्र एक अक्षर बोलवत नाही, कारण तो मालक बहुधा आपल्यातलाच असतो.

बरे, हे फक्त माझ्या मुलीपुरते आहे असेही नाही. टेकडीवर मोर आहेत, ससे आहेत, गिरिपुष्पाच्या झाडांखाली वाळल्या पानांत चरणारी पाखरे आहेत. मोकळे सोडलेले कुत्रे त्यांच्यामागे धावते तेव्हाही वाक्य तेच असते: “काही करत नाही, नुसता खेळतो.” मोराला तो खेळ आहे हे कुणी सांगायचे?

आता मला माहीत आहे की खाली कुणीतरी लिहिणार, एवढ्या लहान मुलीला टेकडीवर न्यायचेच कशाला. कुठे न्यायचे, ते सांगा. महापालिकेच्या उद्यानात गेलो तर दाराशीच ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते, म्हणजे तांबूला घरी ठेवायचे. सोसायटीच्या आवारात गेलो तर गाड्यांच्या मधून वाट काढायची. पदपथावर बाबागाडी ढकलून पाहा एकदा. फरशी उखडलेली, मध्येच विजेची पेटी, पुढे चार दुचाक्या, आणि पदपथ संपतो तिथे उतरायला उतारच नाही, हातभर उंचीचा कठडा. बाबागाडी उचलायची, मूल सांभाळायचे आणि दुसऱ्या हाताने कुत्री धरायची, हे तीन हातांच्या माणसाचे काम आहे. (पट्टा बाबागाडीच्या दांड्याला बांधून चालणारी मंडळी मी पाहिली आहेत. कृपा करून असे करू नका. मांजर आडवे गेले की कुत्रे गाडीसकट रस्त्यात असते.)

म्हणून टेकडी. आमच्या घरी यावर बरीच खलबते झाली आणि शेवटी बसलेली घडी अशी आहे की तांबू आणि लेक यांना एकाच वेळी फिरवायचे नाही. दोघींना बाहेरचे जग हवे असते, पण दोघींचे फिरणे वेगळे. तांबूला वास घेत, झपाझप, मोठा पल्ला मारायचा असतो. लेकीला तीन पावलांवर थांबून मुंगीला हाक मारायची असते. एकत्र नेले की एक ओढते आणि दुसरी बसते, आणि मधल्या माणसाचा पारा चढतो. त्यामुळे उजाडायच्या आत तांबूची फेरी, उन्हाळ्यात तर आठच्या आधी संपलीच पाहिजे, कारण नंतर डांबर तापते आणि पंजे पोळतात. आपल्या हाताची उपडी बाजू रस्त्यावर टेकवून पाहिली तरी समजते. संध्याकाळी लेकीची फेरी, पत्नी किंवा आई नेते. आणि सुटीच्या सकाळी तिघे मिळून टेकडी: तांबूची धाव आधीच झालेली असते, ती निवांत असते, लेक माझ्या छातीशी झोळीत बसून वर येते आणि सपाटीवर उतरते. दोघींचे एकत्र फिरणे आठवड्यातून एवढेच, आणि आज नेमके त्यातलेच एक होते.

हे सांगायचे कारण, मूल झाले की कुत्र्याचे बाहेर जाणे सर्वांत आधी कमी होते. आमच्याकडेही पहिला सव्वा महिना शेजारच्या काकांनीच तांबूला फिरवले, ते उपकार मी विसरलेलो नाही. पत्नी दवाखान्यात असताना मी बाळाचे एक दुपटे घरी आणून तांबूच्या अंथरुणाशेजारी ठेवले होते. तिने ते नाकाने उलटेपालटे करून हुंगले, मग त्यावर हनुवटी टेकून पडून राहिली. बाळ घरी आले तेव्हा ती खोलीच्या उंबऱ्यावर बसली, आत आली नाही, बोलावल्यावर आली. माझी आई त्या दिवसांत ‘कुत्र्याचे केस बाळाच्या पोटात जातील’ म्हणून दिवसातून चारदा फरशी पुसून घेई. तीच आई आता लेकीच्या वाटीतला उरलेला दूधभात तांबूला घालते आणि वर मला सांगते की हिला उष्टे आवडते. तरीही त्या दोघींना आम्ही एकटे सोडत नाही, एक मिनिटभरसुद्धा नाही. तांबू शहाणी आहे, पण शेपटी ओढणाऱ्या सव्वा वर्षाच्या हातापुढे कुत्र्याच्या शहाणपणाची परीक्षा का घ्यावी?

हे लिहिता लिहिता फोटो आला आहे. ‘सॉरी सर, उशीर झाला. मुलगी कशी आहे?’ असा निरोपही सोबत आहे. पुस्तकाच्या पानावर कुपीवरचे लेबल तिरके चिकटवलेले आहे, शेजारी डॉक्टरांची सही, आणि पुढच्या लसीची तारीख अजून लांब आहे. म्हणजे लस वेळेवर दिलेली आहे, हे मान्य करतो. गृहस्थ मनाने वाईट नसावेत, हेही मान्य करतो. आता जरा बरे वाटते आहे. पुढच्या सुयांविषयी उद्या डॉक्टर बाई सांगतील तसे करू.

पण थांबा, माझा राग नेमका याच ठिकाणी परत येतो. लस दिलेली होती, पुस्तक घरात होते, आणि तरी माझ्या मुलीच्या मांडीत सुई गेली, कारण ज्याचे कुत्रे त्याला त्याच्या लसीची तारीख ठाऊक नव्हती. फोटो मोबाइलमध्ये ठेवायला किती वेळ लागतो? महापालिकेचा परवाना काढताना लसीचा दाखला द्यावाच लागतो, तोच कागद फोनमध्ये ठेवा. आणि पट्टा खांद्यावर नको, कुत्र्याच्या गळ्यात हवा. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा कुणाला गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या 291व्या कलमानुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी तक्रार करणार नाही. पण सोसायटीच्या सभेत ‘आम्हाला कुत्रे पाळण्यापासून कुणी अडवू शकत नाही’ म्हणून जीवजंतू कल्याण मंडळाचे परिपत्रक फडकवणाऱ्यांनी (त्यात मीही होतो, आणि पुन्हा फडकवीन) हे कलमही सोबत वाचावे.

शी उचलण्याविषयीही बोलतोच. टेकडीवर ‘जंगलात काय उचलायचे’ असा एक समज आहे. कुत्र्याच्या पोटात जंत असतील तर त्यांची अंडी शीतून मातीत उतरतात, तिथे महिनोन्महिने टिकतात, आणि माती खाणारी लहान मुले ती आपसूक पोटात घेतात. गंमत अशी की ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना मातीत पिकायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे त्याच वेळी कागदात गुंडाळून उचलली तर प्रश्नच मिटतो. एवढे सोपे असून आपण ते करत नाही. माझी लेक आज ज्या खड्यांशी खेळत होती त्यांच्याजवळच एक वाळलेला ढीग होता, आणि तो नक्कीच मोराचा नव्हता.

कुत्र्यांना मोकळे धावायला हवे असते, हा मुद्दा खरा आहे. लॅब्रॅडॉरसारख्या तरण्या कुत्र्याला पट्ट्याने तासभर चालवणे म्हणजे त्याची भूक वाढवणे, हेही खरे. या शहरात त्याला कुंपणाच्या आत सुटे सोडता येईल अशी जागा सहज सापडत नाही, म्हणून लोक टेकडी गाठतात. कबूल. पण जागा नाही म्हणून ती रांगणाऱ्या मुलांच्या वाट्यातून काढून घ्यायची, हे मला कबूल नाही.

आणि ‘आता मूल झाले आहे, तर कुत्री देऊन टाका’ हा सल्ला देणाऱ्यांसाठी. आज तो सल्ला आम्हाला दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या एका अनोळखी आजींनी दिला; त्यांना मी काही बोललो नाही, त्यांचे वय आणि काळजी दोन्ही खरे होते. मित्रांनी दिला तर मात्र बोलेन. मुलीला पाडणारे कुत्रे तांबू नव्हती. त्या कुत्र्यावर गुरगुरणारी तांबू होती, आणि गळ्यात पट्टा असलेलीही तीच एकटी होती. तिला कुणाला द्यायचे आणि का?

आमच्या प्रभागातल्या एखाद्या उद्यानाचा एक कोपरा जाळी लावून पाळीव कुत्र्यांसाठी राखावा, आणि उरलेल्या बागेत पट्टा लावलेल्या कुत्र्याला ठरावीक वेळी सोबत नेता यावे, असा अर्ज मी महापालिकेला लिहितो आहे. टेकडीवर पट्टा सक्तीचा करावा, हीही मागणी त्यात आहे, वन विभागाच्या नावे वेगळी. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली कळवावे, मजकूर पाठवतो. फक्त ‘पट्ट्याचे कलम तेवढे काढा, बाकी सगळे छान आहे’ असे म्हणणाऱ्यांची सही मला नको आहे.