गौरव दीन आणि बिघडलेला प्रिंटर

२७ फेब्रुवारीला घरच्या ग्रुपवर आतेभावाने ‘मराठी भाषा गौरव दीन’च्या शुभेच्छा टाकल्या. आमचे काका निवृत्त शिक्षक. त्यांनी लगेच लाल पेन काढलं: दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बिचारा. ‘भावना पोचल्या ना काका?’ असं उत्तर आलं आणि ग्रुपचे दोन तट पडले. मी हे स्टुटगार्टच्या ट्रॅममध्ये उभ्याने वाचत होते.

इथे मी एका कंपनीत आयटी सपोर्टला आहे, म्हणजे लोकांनी लिहिलेलं वाचणं हाच धंदा. पुण्याच्या ऑफिसातून सकाळी साडेनऊला नुसतं ‘हाय’ येतं. हिवाळ्यात तेव्हा इथे पहाटेचे पाच. मी आठला ‘बोला’ म्हणते, तर तिकडे जेवणाची सुट्टी. मग ‘कशा आहात?’ मग ‘एक छोटीशी मदत हवी होती.’ पासवर्डची मुदत संपलीय हे कळेपर्यंत तिकडे घरी जायची वेळ. सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा वाकडा फोटो. त्यात ट्यूबलाइट लख्ख दिसते, एररचा नंबर तेवढा कापलेला.

जर्मन सहकाऱ्यांची तऱ्हा उलटी. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट ‘ड्रुकर गेट निश्ट.’ प्रिंटर चालत नाही. कुठला, कितव्या मजल्यावरचा, ते मी पंचांग बघून ओळखायचं. व्याकरण पूर्णविरामासकट चोख.

‘हाय’चा राग येतो, पण ते कुठून येतं ते कळतं. आपल्याकडे आलेला माणूस उंबऱ्यावरून काम ओरडत नाही. आधी बसतो, पाणी पितो (पुण्यातसुद्धा, लोक काहीही म्हणोत). चॅटवर तो पाण्याचा तांब्या हातात यायलाच तीन तास लागतात. ‘हाय’ जरूर म्हणा, पण काम त्याच ओळीत लिहा. आम्ही सपोर्टवालेही धुतल्या तांदळासारखे नाही. शुक्रवारी दुपारी न सुटलेलं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करायचं पाप माझ्याही नावावर आहे.

काकांना वाटतं, जर्मन लोक लेखनावरून भांडत नसतील. १९९६ ची लेखनसुधारणा इथे इतकी झोंबली की १९९८ मध्ये श्लेसविग-होल्श्टाइन राज्यात त्यावर सार्वमत झालं आणि लोकांनी ती फेटाळली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने तो कौल फिरवला. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावर मतदान झालं तर, या कल्पनेनेच मला हसू येतं.

पण त्यांचा शब्द आहे ‘रेश्टश्रायबुंग’, म्हणजे बरोबर लिहिणं. आपण म्हणतो शुद्धलेखन. बरोबर नसेल ते नुसतं चुकतं. शुद्ध नसेल ते बाटतं. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी ‘पानी’ म्हणाली की गुरुजी ‘अशुद्ध’ म्हणून वर्गाला हसवायचे. ती पुढे हात वर करेनाशी झाली. आणि शुद्ध तरी कोणतं? १९६२ च्या मराठी लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले. काकांचे वडील त्यानंतरही शेवटपर्यंत ‘नांव’ असंच लिहीत. त्यांना कुणी अशुद्ध म्हटलेलं मला आठवत नाही.

तरी ‘भावना पोचल्या’ हेही मला पटत नाही. लग्नघरात ‘आचाऱ्यांना आधी वाढा’ आणि ‘आचार्यांना आधी वाढा’ यांत पंगत बदलते. वाचणाऱ्याला अंदाज बांधायला लावणं, मग ते ‘हाय’ असो, ‘ड्रुकर’ असो की ‘दीन’, मला सारखंच खटकतं. यात काकांचा पक्ष माझा. त्यांच्या लाल पेनाचा मात्र नाही.

हे त्यांना लिहावं म्हणून फोन उघडला, तर त्यांचाच निरोप आलेला. फोनवर ‘ऱ्य’ उमटत नाही म्हणून कालपासून वैतागले आहेत, असं काकू म्हणत होती. निरोप एका ओळीचा, पूर्णविरामासकट: ‘कीबोर्ड चालत नाही.’

मी विचारलं, काका, फोन कुठला? अजून उत्तर नाही. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेत.