स्वातंत्र्य आपलं, निर्बंध शेजाऱ्याचे

बेळगावात राहून विचारसरणी ठरवायची असेल, तर आधी एक गैरसमज डोक्यातून काढा. परंपरावादी आणि उदारमतवादी ही दोन वेगळी माणसं असतात, असं शहाणे लोक सांगतात. आपल्याकडे ती एकाच माणसात नांदतात. बेळगावच्या शहापुरात निघताना एक आणि महाराष्ट्रातल्या शिनोळीत उतरताना दुसरा. मध्ये फक्त राज्याची हद्द लागते.

सराव दुकानाच्या पाटीपासून सुरू करा. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनं पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला दिलाय, तोही वरचा. गणपत गल्लीत पाटीखाली उभं राहून छाती फुगवून म्हणा, "दुकान माझं, पाटी माझी, रंगाऱ्याचे पैसे माझे. सरकारचा काय संबंध ओ?" या घटकेला तुमच्याइतका कडवा व्यक्तिस्वातंत्र्यवादी कृष्णेच्या अलीकडे सापडायचा नाही. मग खाली बसा, चहा सांगा आणि पुण्याच्या भाच्याला फोन लावा. "काय रे, तिकडं सगळ्या पाट्या मराठी झाल्या की नाही? नसतील तर सरकार काय झोपलंय?" तिथं २०२२ पासून मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान असायला बंदी आहे. कुरकुरणाऱ्या व्यापाऱ्यांना सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली होती, हे त्याला तोंडपाठ सांगा. दंड किती आहे तेही विचारा, आणि ऐकून "एवढाच?" म्हणा.

कोणी म्हणेल, अल्पसंख्याकानं मागितलेली सूट आणि बहुसंख्याकानं केलेली सक्ती एका तराजूत कशी घालता? मुद्दा बिनतोड आहे, तो जपून ठेवा. फक्त मुंबईतल्या गुजराती दुकानदारासमोर काढू नका. तोही हेच म्हणतो.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू, कारण चारचौघांत दोन नावं फेकावी लागतात. सगळ्यात सोयीचं वर्ष १८९१. संमतीवयाचं बिल आलं, मुलींचं संमतीवय १० वरून १२ करायचं होतं. परक्या सरकारनं आमच्या घरात नाक खुपसू नये, असं टिळक म्हणाले. व्यक्तीच्या बुद्धीवर सगळी भिस्त ठेवणारे आगरकर म्हणाले, कायदा हवा. म्हणजे स्वराज्यवाल्याला सरकार नको होतं आणि व्यक्तिवाद्याला पाहिजे होतं. गोंधळ उडाला ना? उडणारच. एक जण घराचं स्वातंत्र्य मागत होता, दुसरा त्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरीचं. हे असं सरळ सांगितलं तर ऐकणारे विचार करायला लागतील, म्हणून तेवढं वाक्य गाळा. "टिळक आणि आगरकर दोघंही आपापल्या जागी थोर" असं म्हणून विषय मिटवा. टिळकवाडीत राहत असाल तर पहिलं नाव थोडं मोठ्यानं घ्या.

राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला आणि परमिट-लायसन्स-कोटा राजवर तोंडसुख घेतलं, हेही लक्षात ठेवा. वीजमीटर, नळजोडणी किंवा घराच्या नकाशासाठी रांगेत उभं राहिल्यावर उपयोगी पडतं. नंबर लागला की मात्र विसरा, कारण खिडकीतल्या माणसाला सांगायचं असतं, "साहेब, आमचं तेवढं आधी बघा, मागच्यांना नियमानं येऊ दे."

खाण्यापिण्याच्या बाबतीत आपला प्रदेश भाग्यवान. उदारमतवादी असाल तर कर्नाटकाच्या २०२० च्या जनावर कत्तलबंदीवर बोला. गाय-बैल बंद आणि म्हैस चालायची तीही तेरा वर्षांवरची, मग म्हाताऱ्या बैलाला पोसणार कोण, सरकार? बोलताना ताटात काय असावं हे माणसानं स्वतः ठरवावं, असा सूर लागला पाहिजे. लगेच पुढच्या दमात गुटखा, प्लास्टिक आणि ऑनलाइन जुगार यांच्यावर कडक बंदी मागा. परंपरावादी असाल तर उलट्या टोकानं चढा. दुकान, शेत, धंदा यांत सरकार नको, जीएसटी म्हणजे जुलूम. पण शेजारच्या पोरीनं कुणाशी लग्न करायचं, कुणी कुठल्या देवाला हात जोडायचे, यासाठी कायदा कमी पडतोय. धर्मांतराविरुद्धचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मंजूर झालं ते बेळगावातल्या आपल्याच सुवर्णसौध विधानभवनात. म्हणजे या शहराला त्याचा अनुभव आहे.

राहिली दारू. महाराष्ट्रात १९४९ चा कायदा अजून जिवंत आहे, त्यानुसार प्यायला परमिट लागतं. हद्दीच्या अलीकडे, कर्नाटकात, लागत नाही. हा एक मुद्दा निघाला की सीमाभागातले कित्येक कट्टर एकीकरणवादी, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात घाला म्हणणारे, क्षणभर गप्प बसतात.

फुकट योजनांबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे, म्हणून इथं भांडणाचा धोका नाही. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं. इकडं गृहलक्ष्मीचे २,०००, तिकडं लाडक्या बहिणीचे १,५००. कट्ट्यावर म्हणायचं, "फुकट वाटून लोकांना आळशी केलंय बगा." घरी येऊन विचारायचं, "जमा झाले काय ओ या महिन्याचे?" सरकारनं घरात येऊ नये हे खरंच. खात्यात यावं.

एक नोव्हेंबर हा दिवस शिकाऊ माणसाला अवघड जातो. १९५६ पासून एका बाजूला कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात जायला न मिळालेल्यांचा काळा दिन. सरकारचा निषेध करायचा, तर आधी सरकारकडेच निषेधाच्या परवानगीचा अर्ज द्यायचा असतो. नाकारला तर दडपशाही, मिळाला तर विजय. आणि समोरच्यांच्या मिरवणुकीचा डॉल्बी कानठळ्या बसवायला लागला की रात्री दहानंतरचा ध्वनिप्रदूषण नियम अक्षर न् अक्षर लागू व्हावा, म्हणून पोलिसांना फोन करायचा. तो नियम आपल्या गणपतीच्या रात्री आपल्याच गल्लीत कुणी काढला, तर तो धर्मद्रोही.

जमावबंदीचंही तसंच. पूर्वीचं कलम १४४ नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय. मेळावा आपला असेल तर हे इंग्रजांनी ठेवलेलं हत्यार, आणि त्यांचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी उशीर का केला?

एवढं जमलं की शेवटची तयारी घटनेची. कलम १९ चं पहिलं पोटकलम पाठ करा. भाषण, सभा, संघटना, संचार, धंदा, सगळं त्यात आहे. अर्ज करताना, पाटी उतरवायला लोक आल्यावर, कोगनोळीच्या सीमानाक्यावर पोलिसांनी गाडी अडवल्यावर ते खड्या आवाजात म्हणा. त्याच्याखालची पोटकलमं आहेत ती वाजवी निर्बंधांची. भाषणावरच्या निर्बंधांना तो 'वाजवी' शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं जोडला. ती पोटकलमं मात्र चिठ्ठी घालून बाजूला ठेवा, शेजाऱ्याविरुद्ध तक्रार लिहायला लागतात. तक्रार कन्नडमध्ये लिहिली तर लवकर पुढं सरकते म्हणतात, तेव्हा एखादा कन्नड मित्र आधीपासून करून ठेवलेला बरा.